ऐकणाऱ्याचं गुपित



विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फोनवर पहिला प्रश्न केला, "हे खरंच असतं का?" असतं. आजही असतं. शॉर्टवेव्हवर ठरल्या वेळी, ठरल्या फ्रिक्वेन्सीवर एक आवाज येतो, पाच-पाच अंकांचे गट वाचतो आणि बंद होतो. स्टेशनचं नाव नाही, देशाचं नाव नाही, पुढच्या कार्यक्रमाची घोषणा नाही. रेडिओचे शौकीन याला 'नंबर्स स्टेशन' म्हणतात. ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, ते सर गणिताचे. भुताखेतांच्या अंगानं हा विषय मांडलेला त्यांना रुचला नसता. तेव्हा मी तो हिशेबाच्या अंगानं मांडतो.

सगळ्यात गाजलेल्या स्टेशनपासून सुरुवात करू. 'लिंकनशायर पोचर' हे एका जुन्या इंग्रजी लोकगीताचं नाव. 1970 च्या दशकापासून 2008 पर्यंत शॉर्टवेव्हवर एक स्टेशन या गीताच्या चालीचा लहानसा तुकडा वाजवून सुरू व्हायचं. चाल वाजायची, मग बाईच्या आवाजात पाच अंक, पुन्हा चाल, पुन्हा तेच पाच अंक. असं जवळजवळ दहा मिनिटं. उद्देश उघड आहे: ज्याला ऐकायचं आहे त्यानं तेवढ्या वेळात सुई नीट लावून घ्यावी, आणि निरोप आपल्यासाठी आहे की दुसऱ्या कुणासाठी, हेही ओळखावं. त्यानंतर मुख्य मजकूर. पाच अंकांचे 200 गट, प्रत्येक गट दोनदा. आवाज यंत्रानं जोडलेला, उच्चार शुद्ध इंग्रजी, आणि प्रत्येक गटातला शेवटचा अंक किंचित चढ्या सुरात, म्हणजे गट कुठे संपला ते खरखरीतही कळावं. शेवटी पुन्हा तीच चाल. हौशी मंडळींनी दिशाशोधक अँटेना लावून या लहरींचा माग काढला, तेव्हा रेषा सायप्रस बेटावरच्या अक्रोतिरी इथल्या ब्रिटिश हवाई दलाच्या तळाकडे गेल्या. स्टेशन ब्रिटिश गुप्तहेर खात्याचं, असं सर्वत्र मानलं जातं. ब्रिटिश सरकारनं ते कधी कबूल केलं नाही. 1998 मध्ये एका सरकारी प्रवक्त्यानं वर्तमानपत्राला सांगितलं, की लोकांनी या स्टेशनांचं गूढ मानू नये, ती सार्वजनिक उपयोगासाठी नाहीत. टाळाटाळही किती सभ्यपणे करता येते पाहा.

आता एक सावधगिरी. शॉर्टवेव्हवर आकडे ऐकू आले म्हणजे हेरगिरीच, असं नाही. खुद्द मुंबईहून आकडे वाचले जातात. आकाशातल्या विमानांना हवामान कळवणारी 'व्होल्मेट' नावाची सेवा आहे. एकामागून एक विमानतळाचं नाव, वाऱ्याची दिशा आणि वेग, किती अंतरावरचं दिसतं, तापमान, हवेचा दाब. नवख्या कानाला हे अगदी गुप्त संदेशासारखं वाटतं. वेधशाळांचे आणि जहाजांचे हवामान अहवाल तर आंतरराष्ट्रीय संकेतानुसार पाच-पाच अंकांच्या गटांतच पाठवले जात. 4625 किलोहर्ट्झवर अनेक दशकं गुंईं-गुंईं करत बसलेला रशियाचा तो प्रसिद्ध 'बझर' घ्या. यूट्यूबवर त्याच्याबद्दल जगबुडीच्या कहाण्या आहेत. माझ्या मते ते रशियन लष्कराचं साधं दळणवळणाचं जाळं आहे. चॅनेल आपल्या ताब्यात राहावं म्हणून आवाज चालू ठेवायचा आणि अधूनमधून एखादा आदेश वाचायचा, एवढंच. हे सगळं बाजूला काढलं, की जे उरतं ते खरं नंबर्स स्टेशन.

त्या आकड्यांत काय असतं? इथे सरांचा प्रांत सुरू होतो.

मजकुराचे आधी आकडे करून घ्यायचे. त्यासाठीचं कोष्टक गुप्त असायची गरज नाही, शत्रूच्या हाती पडलं तरी चालतं. खरी गोष्ट दुसरीकडे आहे. पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे एकसारख्या दोन छोट्या वह्या असतात. दोहोंच्या पानांवर तेच आकडे, पण ते आकडे पूर्णपणे यादृच्छिक, म्हणजे कोणत्याही नियमानं न आलेले. समजा मजकुराचे तीन अंक आहेत 4, 7, 1. वहीतले तीन अंक 8, 5, 9. आता बेरीज करायची, पण हातचा घ्यायचा नाही. 4 आणि 8 बारा, लिहायचे 2. 7 आणि 5 बारा, लिहायचे 2. 1 आणि 9 दहा, लिहायचा 0. रेडिओवर जातं 220. घेणारा आपल्या वहीतले 8, 5, 9 त्यातून वजा करतो. 2 मधून 8 जात नाहीत, म्हणून दहा उसने घेतो, पण ते फेडत नाही. 12 वजा 8, चार. पुढे सात. पुढे एक. मजकूर परत मिळाला. तिसरीतल्या मुलाला जमेल असं गणित आहे, फक्त बाईंनी शिकवलेला हातचा विसरायचा. काम झालं की ते पान जाळायचं.

आता ज्याच्याकडे वही नाही त्याचा विचार करा. त्यानं 220 ऐकलं. मूळ मजकूर 471 असू शकतो. पण 000 ही असू शकतो, 999 ही, कोणताही. कारण प्रत्येक मजकुरासाठी कोणती ना कोणती किल्ली अशी असतेच जी उत्तर 220 देईल, आणि त्या सगळ्या किल्ल्या सारख्याच संभाव्य आहेत. जगातला सगळ्यात वेगवान संगणक आणून ठेवला तरी तो हजारच्या हजार शक्यता काढून देईल आणि त्यातली खरी कोणती हे सांगू शकणार नाही. ही कल्पना कॅलिफोर्नियातल्या फ्रँक मिलर या बँकरनं 1882 मध्ये तारेच्या व्यवहारासाठी मांडली होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गिल्बर्ट व्हर्नम आणि जोसेफ मोबोर्न यांनी ती नव्यानं घडवली. ही पद्धत फोडताच येत नाही, हे गणितानं सिद्ध करणारा क्लॉड शॅनन याचा निबंध 1949 मध्ये प्रसिद्ध झाला. लक्षात घ्या, 'फोडायला अवघड' असं नव्हे. फोडता येत नाही.

पण आणखी एक कडक अट आहे: पान एकदाच वापरायचं. दुसऱ्या महायुद्धात, 1942 च्या सुमारास, सोव्हिएत छापखान्यावर ताण आला आणि हजारो पानांच्या जादा प्रती निघाल्या. तीच किल्ली दोन वेगळ्या संदेशांना लागली. अमेरिकेत 1943 मध्ये आर्लिंग्टन हॉल इथे सुरू झालेल्या कामाला पुढे 'व्हेनोना' हे नाव मिळालं. त्यात याच चुकीचा धागा धरून वर्षानुवर्षं संदेशांचे तुकडे जोडले गेले. अणुबॉम्बची माहिती रशियाला पुरवणारा क्लाउस फुक्स त्यातूनच उघडा पडला. गणित अभेद्य होतं. घाईत छापणारा माणूस अभेद्य नव्हता.

संदेश असा पक्का झाला, म्हणजे तो लपवण्याची गरजच उरली नाही. तो सगळ्या जगाला ऐकू द्या! मग नंबर्स स्टेशन लपवतं तरी काय? प्रक्षेपण केंद्र लपलेलं नाही. एवढ्या ताकदीचा ट्रान्समीटर लपवणं शक्यच नसतं, अक्रोतिरी हौशी मंडळींनाही सापडलं. मजकूर तर खुल्या हवेत आहे. लपलेला असतो तो ऐकणारा. चावडीवर दवंडी पिटावी, सगळ्या गावानं ऐकावी आणि कळावी मात्र एकालाच. गावातला तो एक कोण, हे दवंडीवाल्यालाही माहीत नसावं, तसं हे आहे.

3 ते 30 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरातल्या आयनमंडलावरून परतून हजारो किलोमीटर दूर उतरतात. सिलोनवरून बिनाका गीतमाला ऐकलेल्या पिढीला हे शिकवावं लागत नाही. गाणं मध्येच विरायचं, परत यायचं, आणि सूर्य मावळला की काही पट्टे जागे व्हायचे. सिलोनवाल्यांना मात्र कधी कळलं नाही, की सातारच्या कुठल्या घरात रेडिओ चालू आहे. श्रोत्यांची पत्रं आली तरच कळायचं. लहर येते, अँटेनेला लागते, पुढे निघून जाते. ऐकल्याची नोंद कुठेच होत नाही.

सरकारांना ही गोष्ट फार पूर्वीपासून खुपत आली आहे. सप्टेंबर 1939 मध्ये नाझी जर्मनीनं परदेशी स्टेशन ऐकणं हाच गुन्हा ठरवला, आणि ऐकलेलं पसरवलं तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा ठेवली. ऐकणं पकडता येत नाही म्हणूनच इतकी जबर शिक्षा. आपल्याकडेही कित्येक वर्षं घरातल्या रेडिओला टपाल कचेरीत फी भरून लायसन्स घ्यावं लागे. ते नियमन होतं, महसूलही होता. पण कुणाच्या घरी रेडिओ आहे याची यादी त्यातून आपोआप तयार व्हायची, हेही खरं.

मराठी मुलखाच्या आठवणीत गुप्त रेडिओ आहे, पण तो याच्या नेमका उलट. 1942 च्या ऑगस्ट अखेरीस मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 42.34 मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांच्या शोधगाड्या मागावर, त्यामुळे जागा सतत बदलायची. नोव्हेंबरमध्ये ते पकडले गेले. 1955 मध्ये गोवामुक्तीसाठी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून प्रक्षेपण सुरू केलं. पुढे ते कॅसलरॉकच्या बाजूला गेले आणि डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगीज व कोकणीतून बोलत राहिले. गोवा मुक्त झाल्यावर दोघांनी विमानातून लाउडस्पीकरवर ती बातमी गोव्याला सांगितली. इथे बोलणारा जिवावर उदार होऊन लपत होता आणि बोलणं प्रत्येकाला कळावं असं होतं. नंबर्स स्टेशनमध्ये बोलणारा निर्धास्त असतो. त्याच्याभोवती काटेरी कुंपण असतं, पहारा असतो, पगार वेळेवर मिळतो. जीव ऐकणाऱ्याचा टांगणीला.

ऐकणारा पूर्ण अदृश्य असतो असंही नाही. बहुतेक रेडिओंच्या आत एक आंदोलक असतो आणि तो स्वतःच अगदी क्षीण लहर बाहेर टाकतो. ब्रिटिश 'एमआय-5' या गुप्तचर खात्यात काम केलेल्या पीटर राइट यांनी 'स्पायकॅचर' या 1987 च्या पुस्तकात 'राफ्टर' नावाच्या मोहिमेची हकीकत सांगितली आहे: गाड्यांतून, विमानांतून ती क्षीण लहर टिपत, कुठल्या घरात कोणती फ्रिक्वेन्सी लावली आहे ते हुडकायचं. कल्पना सुरेख, पण लंडनसारख्या शहरात ती वापरणं जिकिरीचं.

प्रत्यक्षात ऐकणाऱ्यांविरुद्ध पुरावा मिळाला तो लहरीत नाही, घरातल्या वस्तूंत. एप्रिल 1988 मध्ये उत्तर लंडनमधल्या एका फ्लॅटवर पोलिसांनी छापा घातला तेव्हा भाडेकरू रेडिओवर संदेश घेत बसला होता. नाव एर्विन व्हान हार्लेम, धंदा कलावस्तूंचा. खरं नाव व्हाक्लाव येलिनेक, चेकोस्लोव्हाकियाचा हेर. किल्लीची पानं साबणाच्या वड्यांत दडवलेली. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. ज्या डच मुलाचं नाव त्यानं उचललं होतं, त्या मुलाची सख्खी आई शोधत शोधत त्याच्यापर्यंत पोचली होती, आणि हा अनेक वर्षं तिचा मुलगा बनून वागला. संदेशाची लपवाछपवी मला समजते. ही समजत नाही.

क्यूबाचं प्रकरण मात्र तपशिलात सांगण्यासारखं आहे, कारण नंबर्स स्टेशनचा मजकूर तिथे न्यायालयात उघड वाचला गेला. क्यूबाचं स्टेशन स्पॅनिशमध्ये 'आतेन्सिओन' असा पुकारा करून सुरू व्हायचं. फ्लोरिडातल्या क्यूबन हेरांचं जाळं 1998 मध्ये पकडलं गेलं आणि मायामीत खटला चालला. हे हेर वहीऐवजी संगणक वापरत होते. रेडिओवरचे आकडे टाइप करायचे, प्रोग्राम मजकूर काढून द्यायचा. एफबीआयनं गुपचूप घरात शिरून डिस्कची नक्कल करून घेतली होती आणि मग हवेतले आकडे स्वतःच उलगडले. त्यात काय निघालं? एका निरोपात महिला दिनानिमित्त सर्व महिला कॉम्रेडांचं अभिनंदन. गुप्तचर खातं झालं तरी शेवटी सरकारी कचेरीच, परिपत्रक निघणारच! पण दुसऱ्या निरोपात दोन हेरांना बजावलं होतं, की फेब्रुवारीच्या 24 ते 27 तारखांना निर्वासितांच्या एका संघटनेच्या विमानातून अजिबात उडू नका. 24 फेब्रुवारी 1996 रोजी त्या संघटनेची दोन विमानं क्यूबाच्या लढाऊ विमानांनी पाडली. चार माणसं गेली. ज्या आकड्यांना लोक छंद म्हणून टेपवर साठवत होते, त्यातले काही आकडे हे होते.

सप्टेंबर 2001 मध्ये पकडली गेलेली आना बेलेन मोन्टेस अमेरिकेच्या संरक्षण गुप्तचर संस्थेत क्यूबाचीच तज्ज्ञ होती. घरी शॉर्टवेव्ह रेडिओ, शेजारी लॅपटॉप. दर वेळी मजकूर वाचून झाल्यावर तो डिस्कवरून पुसून टाकण्याची सूचना तिला होती. ती सूचनाच पुसायची राहिली आणि तपासणीत हाती लागली. 25 वर्षांची शिक्षा झाली. 2011 मध्ये जर्मनीत पकडलं गेलेलं आन्श्लाग दांपत्य रशियासाठी काम करत होतं. पोलीस घरात शिरले तेव्हा पत्नी शॉर्टवेव्ह रिसीव्हरपाशी बसली होती, असं बातम्यांत आलं. म्हणजे इंटरनेट घरोघर पोचल्यावरही हे चालू होतं. या स्टेशनांचं प्रयोजन काय, याला आता 'तर्क' म्हणण्याची गरज नाही. इतकी प्रकरणं न्यायालयात उभी राहिल्यावर, चोरट्या व्यापाऱ्यांची स्टेशनं किंवा कुणाचा तरी थट्टेचा प्रकार, हे जुने अंदाज मला तरी टिकणारे वाटत नाहीत.

मग एक शंका येईल. रोज, वर्षानुवर्षं, इतके संदेश? इतके हेर कुठून येणार? येत नाहीत. बरेचसे संदेश रिकामे असतात. संदेश आहे तेव्हाच प्रक्षेपण केलं, तर ऐकणारा शत्रू नुसत्या वर्दळीवरून ताडतो: या आठवड्यात काहीतरी शिजतंय. म्हणून काही सांगायचं असो वा नसो, लिंकनशायर पोचर दर वेळी बरोबर 200 गट वाचायचं. खऱ्या मजकुरात आणि भरतीच्या आकड्यांत फरक कळता कामा नये. पण भरतीचे आकडेही नीट यादृच्छिक हवेत, आणि तिथे क्यूबावाले चुकले. संगणकशास्त्रज्ञ मॅट ब्लेझ यांच्या ध्यानात आलं, की त्या स्टेशनच्या काही संदेशांत 9 हा अंक एकदाही येत नाही. समजा 100 गट, म्हणजे 500 अंक. अंक खरोखर यादृच्छिक असतील तर 9 न येण्याची शक्यता 0.9 चा 500 वा घात, म्हणजे एकावर बावीस शून्यं मांडून होणाऱ्या संख्येत एकाहूनही कमी. योगायोग शक्य नाही. भरतीचे आकडे बनवणाऱ्या यंत्रात किंवा प्रोग्राममध्ये 9 राहून गेला असणार, आणि त्यामुळे कोणता संदेश पोकळ हे कोणत्याही ऐकणाऱ्याला ओळखता येऊ लागलं. ही गोष्ट सरांना फार आवडली असती असं वाटतं.

याच क्यूबाच्या स्टेशनवर आकड्यांच्या मागे कधी कधी 'रेडिओ हवाना' हे त्यांचं अधिकृत स्टेशन ऐकू यायचं. कुणीतरी चुकीची वायर जोडायचा आणि देशाचं नाव आपोआप जाहीर व्हायचं.

उत्तर कोरियाची तऱ्हा वेगळी. 2000 मध्ये दोन कोरियांत बोलणी झाली आणि प्याँगयांगच्या रेडिओवरचे आकडे थांबले. 2016 मध्ये ते परत आले. निवेदिकेनं जाहीर केलं की दूरशिक्षण विद्यापीठाच्या 27 क्रमांकाच्या तुकडीसाठी गणिताची उजळणी देत आहोत. पान 459, क्रमांक 35. पान 913, क्रमांक 55, अशी यादी. खऱ्या हेरांसाठी असेल. पण दक्षिण कोरियाच्या गुप्तचरांनी रात्ररात्र जागून नसलेल्या हेरांचा शोध घेत बसावं, हाही हेतू असू शकतो. रिकामा संदेश स्वतःच एक शस्त्र होऊ शकतो, आणि ते फार स्वस्त आहे. जानेवारी 2024 मध्ये दक्षिणेसाठीचं ते रेडिओ स्टेशनच बंद झालं.

ही सगळी माहिती जमली ती कुठल्या खात्यामुळे नव्हे, हौशी माणसांमुळे. ब्रिटनमध्ये 1993 मध्ये 'एनिग्मा' नावाचा गट निघाला. त्यानं प्रत्येक स्टेशनला भाषेप्रमाणे खूणक्रमांक दिले: इंग्रजीसाठी ई, जर्मनसाठी जी. लिंकनशायर पोचर म्हणजे ई-03. 1997 मध्ये 'द कॉनेट प्रोजेक्ट' या नावानं लंडनहून या आवाजांच्या चार सीडी निघाल्या आणि हा प्रकार संगीतवाल्यांच्या, सिनेमावाल्यांच्या हाती गेला. त्यातला एक आवाज लहान मुलीसारखा आहे, जर्मनमध्ये अंक वाचणारा, आधी संगीतपेटीसारखी धून. ऐकून अंगावर काटा येतो. ती मुलगी म्हणजे पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्तचर खात्यानं बनवलेलं, साठवलेले अंक बोलणारं यंत्र होतं आणि ते स्टेशन पोलंडचं होतं, हे पुढे उजेडात आलं. काटा येणं काही थांबत नाही, पण निदान त्या मुलीची काळजी मिटते.

आता प्रत्येक व्याख्यानानंतर हमखास येणारा प्रश्न: मोबाइलच्या जमान्यात हे कशाला? मोबाइलवरचा संदेश कितीही कुलूपबंद असो, तो कोणत्या फोनवर, किती वाजता, कोणत्या टॉवरखाली उतरला याची नोंद राहते. वेबसाइट उघडली तर तिच्याकडे तुमचा पत्ता जातो. मजकूर झाकता येतो, वाचणारा झाकणं फार कठीण. आणि ज्याच्यावर संशय आहे अशा माणसाच्या बाबतीत मजकुराला विचारतो कोण? त्याचा संबंध कुणाशी आहे, एवढं कळलं तरी पुरे. दुकानातून रोखीनं घेतलेला एक साधा शॉर्टवेव्ह रेडिओ, थोडी वायर, कागद आणि पेन्सिल यांत असा कसलाही माग उरत नाही. क्यूबानं 2012 पासून आकड्यांच्या आवाजाबरोबर संगणकानं टिपायची डिजिटल खरखर सुरू केली. तरी माध्यम शॉर्टवेव्हच ठेवलं.

तुमच्यापैकी कुणाला ऐकायचंच असेल तर शहरात अडचण येईल. एलईडी दिवे आणि चार्जर यांच्या खरखरीनं आपण शॉर्टवेव्ह जवळजवळ बुजवून टाकली आहे. सोपा मार्ग म्हणजे नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर. तो इंटरनेटवर सर्वांना खुला आहे, घरी बसून तिथली सुई फिरवता येते, आणि हौशी मंडळींपैकी बरेच जण हल्ली असंच ऐकतात. तुमच्या-माझ्यासाठी ही उत्तम सोय आहे. ज्याच्यासाठी ते आकडे वाचले जातात त्याला मात्र ती वापरता येणार नाही, कारण तिथे कोण, कुठून, कोणती फ्रिक्वेन्सी लावून बसलं आहे हे सर्व्हरला कळतं.

माझी वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेतो.